छापलेलं जगवायचं कसं?

(रामटेक येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



निमंत्रणपत्रिकेच्या मसुद्यात या व्याख्यानाचं नाव ‘अवयव छापणारं यंत्र’ असं होतं. ते मी बदलून घेतलं, कारण यंत्र हा या गोष्टीतला सोपा भाग आहे. माणसाच्या जिवंत पेशी थरावर थर देत, ठरलेल्या जागी मांडता येतात. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांत ते काम नित्याचं झालंय. मांडलेल्या पेशी उद्या जिवंत राहतील का, महिन्याभरात एकजीव होतील का आणि रुग्णाच्या अंगात गेल्यावर त्यांना रक्त कुठून मिळेल, इथं घोडं अडतं. आज मी बोलणार आहे ते या अडलेल्या घोड्याबद्दल.

रामटेकात हा विषय परका वाटू नये. इथल्या नागार्जुन टेकडीशी रसायनविद्येची लोककथा पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली आहे. देह टिकवावा, झिजलेला भाग नवा करावा, ही खटपट फार जुनी. दंतकथेत ती एका रात्रीत फळाला येते. हल्ली वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही येते, म्हणून आधी एका मथळ्याचीच उलटतपासणी करू.

सशाच्या मापाचं हृदय

एप्रिल २०१९ मध्ये इस्राएलच्या तेल अवीव विद्यापीठातून बातमी आली की माणसाच्या पेशींपासून हृदय छापण्यात आलंय. प्रा. ताल द्विर यांच्या गटाचं ते काम. त्यांनी रुग्णाच्या पोटातल्या चरबीच्या पडद्याचा तुकडा घेतला आणि त्यातल्या पेशी बाजूला काढल्या. त्या पेशींना आधी मूलपेशींच्या अवस्थेत नेलं आणि मग त्यांच्यापासून हृदयाच्या स्नायूच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी घडवल्या. पेशी काढल्यावर जी नुसती जाळी उरली, तिचीच शाई केली. म्हणजे शाईही रुग्णाची आणि पेशीही रुग्णाच्याच. कल्पना फार देखणी होती.

तयार झालेलं हृदय सशाच्या हृदयाएवढं होतं. त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण सगळ्यांनी मिळून एका ठेक्यात रक्त ढकलायचं असतं, ते त्यांना जमत नव्हतं. संशोधकांनी हे स्वतःहून सांगितलं होतं. मथळ्यात तेवढंच गळालं. नंतर कितीतरी जणांनी मला विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, आता बायपास कशाला करायची? थोडं थांबून नवीनच बसवू.’ त्यांना मी तेव्हा जे सांगितलं त्याचं सविस्तर रूप म्हणजे हे व्याख्यान. आणि ते समजायला सव्वादोनशे वर्षं मागं, पुण्याजवळ जावं लागेल.

पुण्याजवळचं नाक

इंग्रज आणि टिपू यांच्यातल्या १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेसाठी बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी असं लागलंय. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडण्यात आलं. वर्षभर तरी तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. हा कारागीर विटा पाडणाऱ्यांच्या जातीतला होता, एवढंच लिहिलेलं सापडतं. त्याचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. मुंबई इलाख्यातले थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ही शस्त्रक्रिया पाहत होते. चित्रकार जेम्स वेल्सनं कावसजीचं चित्र काढलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकीकत छापून आली.

ती पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घेतला. तो पत्रा उलगडून कपाळावर सपाट ठेवला आणि त्याच्या कडेनं रेघ मारली. रेघेच्या आतली कातडी सोडवून घेतली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक पट्टी न कापता ठेवली. नाकाच्या खुंटाच्या कडा तासून ताज्या केल्या. मग कपाळाची ती कातडी अर्धी पीळ देऊन खाली वळवली आणि कडेला कड लावली. टाके नाहीत. कात पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. रामटेकसारख्या विड्याच्या पानाच्या गावात काताचा हा उपयोग सांगताना मला विशेष आनंद होतो. कातातलं टॅनिन प्रथिनांना आकसवतं, त्यामुळे पट्टी घट्ट बसते. चार दिवस दुसरं काहीही लावलं नाही. त्यानंतर तुपात भिजवलेली कापडं ठेवली. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती राखून ठेवलेली पट्टी कापली.

माझ्या मते त्या कारागिराची सगळी विद्या या शेवटच्या वाक्यात आहे. ती पट्टी म्हणजे कपाळातून येणारी रक्ताची वाट. नव्या जागी रक्तवाहिन्या जुळेपर्यंत जुनी वाट तोडायची नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. पहिल्याच दिवशी पट्टी कापली असती, तर नाकाचा आकार तितकाच सुबक दिसला असता आणि चार दिवसांत काळा पडला असता. हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदानं आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक निघालं आणि युरोपात या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला.

मेडिकलपासून पेशींच्या पत्र्यापर्यंत

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्ये, डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला विभाग मानला जातो. म्हणजे ही विद्या विदर्भात नवखी नाही.

माझी उमेदीची वर्षं जळीत वॉर्डात गेली. तिथं रोज चालणारं काम तुम्हाला जवळून दाखवतो. रुग्णाच्या मांडीवरून कातडीचा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ थर काढायचा. तो एका छोट्या यंत्रातून काढला की त्याला बारीक छेद पडून जाळी होते, आणि तीच कातडी दीडपट, कधी तिप्पट जागा झाकते. ती स्वच्छ केलेल्या जखमेवर पसरायची आणि वर घट्ट ड्रेसिंग करायचं. पहिले दोन दिवस ही कातडी जखमेतून पाझरणारा द्रव शोषून तगते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खालच्या केशवाहिन्या तिच्यातल्या केशवाहिन्यांना जोडल्या जातात. पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडताना सगळा वॉर्ड श्वास रोखून असतो. कातडी गुलाबी दिसली तर ग्राफ्ट धरला. खाली रक्त साचून कातडी उचलली गेली असेल, तर तेवढा भाग गेला. पातळ कातडी जगते, कारण तिच्यातली प्रत्येक पेशी खालच्या ओलाव्याजवळ असते. तशीच जाड कातडी उचलून ठेवली तर तिचा वरचा भाग उपाशी मरतो. पुण्याच्या कारागिराला जाड कातडी हवी होती, म्हणून त्यानं पट्टी राखली. आम्हाला पट्टी राखता येत नाही, म्हणून आम्ही कातडी पातळ करतो. नियम एकच आहे.

पण शरीराचा बहुतेक भाग जळाला असेल तर मांडी तरी कुठून आणायची? १९७५ मध्ये अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची रीत बसवली. १९८३ मध्ये वायोमिंग राज्यातल्या दोन लहान भावांचं ९५ टक्क्यांहून अधिक शरीर भाजलं होतं. त्यांच्या उरल्यासुरल्या त्वचेच्या छोट्याशा तुकड्यापासून पेशींचे पत्रे वाढवून ते त्यांच्या अंगावर लावले आणि दोघंही वाचले. ऊती शरीराबाहेर वाढवून उपचार करण्याच्या इतिहासातला हा मोठा टप्पा आहे. त्या त्वचेत मात्र केसांची मुळं नव्हती, घामाच्या ग्रंथी नव्हत्या आणि खालचा चिवट थरही नव्हता. अनेक प्रकारच्या पेशी आपापल्या जागी बसवायच्या तर हातानं पत्रे पसरून भागत नाही. इथून छपाईची गरज सुरू होते.

छापतात म्हणजे काय करतात

त्रिमित छपाई १९८४ पासूनची. चार्ल्स हल यांनी ती आधी राळेसाठी आणली. निर्जीव वस्तू छापून वैद्यकाला मदत करण्याचं काम आपल्याजवळही झालंय. नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत प्रा. ए. एम. कुथे यांच्या गटानं रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून, जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याच रुग्णाच्या मापाची मार्गदर्शक साधनं तयार केली. ते काम मोलाचं आहे, पण तिथं छापलेल्या वस्तूला भूक लागत नाही. जैवछपाईत लागते.

१९८८ मध्ये टेक्सासच्या रॉबर्ट क्लेबी यांनी साध्या इंकजेट प्रिंटरमधून पेशींना चिकटवणारं प्रथिन ठिपक्याठिपक्यांनी मांडून दाखवलं. २००३ मध्ये थॉमस बोलंड यांनी कार्यालयात वापरतात तसलाच प्रिंटर बदलून त्यातून पेशी छापल्या. त्याआधीच अँथनी अटाला यांनी हातानं पेशी पेरून वाढवलेली मूत्राशयं रुग्णांना बसवली होती. सात रुग्णांचा तो वृत्तांत २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

आज सगळ्यात रुळलेली पद्धत अशी. रुग्णाच्या ऊतीचा लहान तुकडा घेतात. त्यातल्या पेशी ३७ अंश तापमानाच्या पेटीत, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत, दर दोन-तीन दिवसांनी पोषकद्रव बदलत वाढवतात. यातच काही आठवडे जातात. मग त्या मऊ, पाणीदार जेलमध्ये कालवतात. एका मिलिलिटरमध्ये दहा लाख ते एक कोटी पेशी. हीच जैवशाई. ती सिरिंजमध्ये भरून हवेच्या दाबानं बारीक तोटीतून सोडतात, सोऱ्यातून कुरडई पाडावी तशी. फक्त इथं तार पाव-अर्धा मिलिमीटर जाडीची असते आणि हात संगणकाचा असतो. जेल शैवालापासून काढलेल्या अल्जिनेटचं असेल तर कॅल्शियमच्या द्रावणानं घट्ट होतं. बदल केलेल्या जिलेटिनचं असेल तर निळ्या प्रकाशानं आळतं.

खरी ओढाताण जेलच्या घट्टपणात आहे. घट्ट जेल आकार राखतं, पण आत पेशी गुदमरतात. सैल जेलमध्ये पेशी खुशाल असतात, पण भिंत ढासळते. तोटी बारीक केली तर काम नाजूक होतं, पण तोटीतून जाताना पेशी घासून फाटतात. त्यामुळे या क्षेत्रातल्या माणसाचा बराचसा वेळ यंत्रापेक्षा शाईच्या नादात जातो.

विदर्भाचा कोसा

या शाईच्या शोधात रेशीम पुढे आलं. रेशमाच्या धाग्यात फायब्रॉइन नावाचं प्रथिन असतं. ते शरीराला सहसा खुपत नाही आणि हळूहळू विरघळतं. शस्त्रक्रियेत रेशमाचे टाके तर फार जुने. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या डॉ. अनुया निसळ यांच्या संशोधनातून सेरिजेन ही कंपनी निघाली. रेशमाच्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरणारी सच्छिद्र रचना बनवण्याचं काम ती करते. आयआयटी दिल्लीत प्रा. सौरभ घोष यांनी रेशीम आणि जिलेटिनची जैवशाई घेऊन कूर्चा आणि त्वचेवर काम केलंय. आयआयटी गुवाहाटीत प्रा. बिमन मंडल यांचा गट तुतीबाहेरच्या रेशमांवर काम करतो.

आपल्याकडे भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पोसले जातात. या टसरलाच आपण कोसा म्हणतो. याच कोशाच्या धाग्यातून करवती काठाच्या साड्या होतात. या टसरच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांची एक लहानशी जोडणी असते. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं नेमकी याच जोडणीला धरतात. तुतीवरच्या पांढऱ्या रेशमात ही जोडणी नाही. म्हणजे कोशाच्या जाळीवर पेशींना बूड टेकायला जागा मुळातच तयार असते. अडचण अशी की टसर विरघळवणं तुतीच्या रेशमापेक्षा कठीण जातं. खरगपूरच्या आयआयटीत प्रा. सुभाष कुंडू यांनी टसरच्या प्रथिनावर दीर्घकाळ काम केलं. इथं सभागृहात बसलेल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मी सांगेन की हा कच्चा माल तुमच्या उंबरठ्यावर आहे. तो नुसता साडीच्या बाजारात जावा, असं कुठं लिहिलेलं नाही.

केसाएवढं अंतर

आता मुख्य प्रश्नाकडे. शरीरातली बहुतेक कुठलीही जिवंत पेशी जवळच्या केशवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरहून लांब नसते. म्हणजे केसाच्या एक-दोन जाडींचं अंतर. त्यापलीकडे प्राणवायू नुसता झिरपून पोचत नाही. म्हणून पातळ पापुद्रा छापला तर तो बशीतल्या पोषकद्रवावर जगतो, आणि मुठीएवढा गोळा छापला तर बाहेरून छान दिसतो आणि आतून सडतो. यकृत, मूत्रपिंड, हृदय हे जाड अवयव आहेत. त्यांत मोठ्या वाहिनीपासून केशवाहिनीपर्यंत फांद्या फुटत गेलेलं सगळं जाळं लागतं, आणि छपाई चालू असतानाच आतल्या पेशी जगल्या पाहिजेत.

यावर लढवलेल्या युक्त्या रंजक आहेत. २०१२ मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठात जॉर्डन मिलर आणि क्रिस्टोफर चेन यांनी साखरेच्या काचेसारख्या तारांची जाळी छापली, तिच्याभोवती पेशींचं जेल ओतलं आणि साखर विरघळवून टाकली. मागे उरल्या पोकळ नळ्या. त्या नळ्यांना आतून रक्तवाहिनीच्या पेशींचं अस्तर देता आलं. २०१९ मध्ये याच मिलर यांनी केली स्टीव्हन्स यांच्यासोबत फुप्फुसाच्या वायुकोशासारखी रचना प्रकाशानं छापली; हवा आतबाहेर होते आणि भोवतीच्या नळ्यांतून रक्त वाहतं. एका थराच्या प्रकाशानं खालचा थर आळू नये म्हणून प्रकाश शोषणारा पदार्थ हवा होता, आणि पेशींना तो विषारी असून चालणार नव्हता. त्यांनी टार्ट्राझिन वापरलं. मिठाईत घालतात तो हा पिवळा खाद्यरंग.

नळ्या जमल्या, तरी त्या रुग्णाच्या धमनीला जोडून आत रक्त न गोठता वर्षानुवर्षं वाहायला हवं. तिथपर्यंत जाड अवयवांचं काम आलेलं नाही. म्हणून जिथं रक्तवाहिन्या मुळातच नसतात, तिथं यश आधी आलं. असे दोन भाग तुमच्या-माझ्याजवळ आहेत. एक म्हणजे कूर्चा. कानाची पाळी आणि नाकाचा शेंडा दाबून पाहा. दुसरा म्हणजे डोळ्याचा पारदर्शक पडदा, बुबुळापुढचा कॉर्निया. कॉर्नियाला प्राणवायू थेट हवेतून, अश्रूंतून मिळतो.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत, जन्मतः एक कान अविकसित असलेल्या २० वर्षांच्या तरुणीला तिच्याच कूर्चेच्या पेशींपासून छापलेला कान बसवला. तो थ्रीडीबायो थेरप्युटिक्स या कंपनीनं बनवला होता. बातमी जूनमध्ये जाहीर झाली, पण तांत्रिक तपशील कंपनीनं झाकूनच ठेवले. ऑगस्ट २०२३ मध्ये सोलच्या सेंट मेरीज रुग्णालयात, थायरॉइडच्या कर्करोगामुळे श्वासनलिकेचा भाग गमावलेल्या पन्नाशीतल्या एका बाईंना छापलेली श्वासनलिका बसवली. तिच्यातल्या पेशी दुसऱ्या माणसांच्या नाकातून घेतलेल्या होत्या.

आपल्या देशातलं उदाहरण हैदराबादचं. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, तिथलीच आयआयटी आणि सीसीएमबी ही पेशी-संशोधन संस्था यांनी मिळून कॉर्निया छापला आणि तो सशाच्या डोळ्यात बसवला. ऑगस्ट २०२२ मध्ये ते जाहीर झालं. त्यांची शाई कशाची, हे नीट ऐका. माणसाच्या दान केलेल्या कॉर्नियातल्या पेशी धुऊन काढून उरलेल्या जाळीची ती शाई होती, आणि तिच्यात घातलेल्या मूलपेशीही माणसाच्या डोळ्यातल्याच. ऑक्टोबर २०२५ मध्ये इस्राएलच्या हैफा शहरातल्या रामबाम रुग्णालयात छापलेला कॉर्निया प्रथमच माणसाच्या डोळ्यात बसवण्यात आला. त्या पद्धतीत एका दात्याच्या कॉर्नियातल्या पेशी वाढवून सुमारे तीनशे कॉर्निया बनवता आले.

इथं मला जे सांगायचंय ते येतं. आपण समजतो की छपाई आली की दात्याची गरज संपेल. घडतंय उलट. कॉर्नियाच्या या छपाईच्या मुळाशी दाताच आहे. फरक पडला तो एवढाच की एका दानाची पोच वाढली. आज एक नेत्रदान दोघांना दृष्टी देतं, उद्या शेकडोंना देऊ शकेल. पण ते पहिलं दान यंत्र करत नाही.

दाव्यांची पारख

रुग्णाच्या अंगात न जाता छापलेली ऊती आजच उपयोगी पडते, ती औषधं तपासायला. बंगळुरूच्या पँडोरम टेक्नॉलॉजीजनं २०१५ मध्ये यकृताची ऊती छापली, तेव्हा याच उपयोगाची चर्चा झाली. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं औषधचाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांवरच्या चाचण्यांना मानवी पेशींवर आधारलेले पर्याय मान्य केले. इथं जाड अवयव लागत नाही, पापुद्रा पुरतो.

उपचार म्हणून मात्र सावधपणा हवा. २०११ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो माकियारिनी यांनी प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्या पेशी पेरून ती बसवली. जगभर गाजावाजा झाला. तिथं अशी नळी बसवलेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. पेशी पेरल्या होत्या, पण त्या जगवणारं रक्त त्या नळीला मिळालंच नव्हतं. स्वीडनच्या अपील न्यायालयानं २०२३ मध्ये माकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. पुण्याच्या कारागिराला जे उमगलं होतं, ते एवढ्या मोठ्या संस्थेत दुर्लक्षिलं गेलं.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, सिद्ध न झालेले मूलपेशी-उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाहीत, आणि २०१९ च्या नियमांनी अशी उत्पादनं नवीन औषधांच्या चौकटीत आणली आहेत. तरीही गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर ‘स्टेम सेल’ची जाहिरात दिसते. कुणी असं काही देऊ केलं तर चार प्रश्न विचारा. पेशी कुणाच्या? त्यांना रक्त कुठून मिळणार? हे चाचणीखाली चाललंय का, आणि चाचणी नोंदलेली आहे का? आणि चाचणी असेल तर पैसे का मागता? चौथ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी चहा मागवला जातो.

रीतसर वाटेनं जिवंत पेशींचं औषध आपल्याच राज्यात तयार झालंय, हेही सांगितलं पाहिजे. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून प्रा. राहुल पुरवार यांच्या इम्युनोॲक्ट कंपनीनं रक्ताच्या काही कर्करोगांवरची पेशी-उपचारपद्धती आणली. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्याला परत द्यायच्या, अशी ती पद्धत. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. परदेशात हा उपचार कोटींत जातो. इथं तो चाळीसेक लाखांच्या घरात आला. रामटेकच्या शेतकऱ्याला तो परवडत नाही, हे उघड आहे. तरी मान्यतेआधी रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या आणि पुढे आकडेही प्रसिद्ध झाले. छापलेल्या ऊतीनंही याच वाटेनं यावं.

सहा तास

शेवटचा भाग उद्याचा नाही, आजचा आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकारानं २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. नागपुरात ऑरेंज सिटी रुग्णालयात रोटरीच्या साथीनं ती उभी राहिली. बऱ्याच लोकांना नेत्रदान ठाऊक असतं, त्वचादान नसतं. म्हणून तपशील सांगतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पथक येतं. पाठ, मांड्या आणि पाय यांवरून त्वचेचा फक्त वरचा पातळ थर घेतात. रक्त वाहत नाही, देह विद्रूप होत नाही. पट्टी बांधून देतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ही त्वचा ग्लिसरीनमध्ये, चार अंश तापमानात काही वर्षं टिकते. जळालेल्या रुग्णाच्या अंगावर ती दोन-तीन आठवडे राहते आणि मग सुटून येते. तेवढ्या दिवसांत अंगातलं पाणी बाहेर जात नाही, जंतू आत शिरत नाहीत, वेदना कमी होते आणि रुग्णाची स्वतःची त्वचा घेण्याइतका वेळ मिळतो. छापलेली त्वचा बाजारात येईल तेव्हाही तिला याच कसोटीला उतरावं लागेल.

नेत्रदानालाही तेच सहा तास. मृत व्यक्तीचे डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोकं थोडं उंच ठेवावं आणि फोन करावा. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, मधुमेह असला, तरी चालतं. रामटेक ते नागपूर रस्त्यानं पन्नासेक किलोमीटर. सहा तास पुष्कळ झाले, फोन पहिल्या तासात गेला तर. रडारड, नातेवाइकांची वाट पाहणं, ‘आईला विचारू, काकांना विचारू’ यात ते निघून जातात, कारण ही चर्चा घरात आधी कधी झालेलीच नसते.

माणसाचा अवयव विकणं-विकत घेणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. छपाईचं यंत्र उद्या कोणतंही रुग्णालय विकत आणेल. त्याच्या सिरिंजमध्ये जे भरायचं ते मात्र पुष्कळदा कुणीतरी दिल्याशिवाय मिळणार नाही. म्हणून संयोजकांकडे एक मागणी आहे. तुमच्या वाचनालयाच्या फलकावर, वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी, नागपूरच्या नेत्रपेढीचा, त्वचापेढीचा आणि अवयवदान समन्वय केंद्राचा फोन नंबर ठळक अक्षरांत लावा आणि तो वर्षातून दोनदा लागतो की नाही हे तपासून पाहा. आणि श्रोत्यांनी घरी गेल्यावर जेवणाच्या वेळी हा विषय काढावा. अशुभ वाटेल, पण एकदाच वाटेल.

आता प्रश्न विचारा. ते अवघड असले तर जास्त बरं.